नसांचे आजार आणि अँटीबॉडीचा अहवाल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शरीराची प्रतिकारशक्ती काही वेळा स्वतःच्याच नसांवर किंवा नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर उलटते, असे या सदरात गेल्या अंकात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे रक्तातील अँटीबॉडीच्या तपासणीविषयी आहेत. कोणाचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून उपचार थांबले आहेत, तर कोणाचा पॉझिटिव्ह आला म्हणून घरातली झोप उडाली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. ही उत्तरे समजून घेण्यासाठी आहेत. औषध सुरू करणे वा बंद करणे हे रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावे.

प्रश्न : माझे थोरले बंधू ५८ वर्षांचे असून शेती करतात. गेल्या काही महिन्यांपासून दुपारनंतर त्यांची डावी पापणी खाली येते आणि संध्याकाळी रस्त्यावरचा एक दिवा त्यांना दोन दिसतो. बेळगावच्या मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञांनी मायस्थेनिया ग्रॅव्हिस असल्याचे सांगून गोळ्या सुरू केल्या; परंतु नंतर आलेला ॲसिटिलकोलिन रिसेप्टर अँटीबॉडीचा अहवाल निगेटिव्ह आहे. रक्तात काही निघाले नाही, तर गोळ्या कशासाठी, असे घरातील मंडळी विचारतात. अण्णांनी गोळ्या घ्याव्यात की बंद कराव्यात? — एक वाचक, खानापूर तालुका

अण्णांचा अहवाल निगेटिव्ह असणे आणि त्यांना मायस्थेनिया असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणून केवळ या कागदावरून गोळ्या बंद करू नका.

नसेतून आलेला आदेश स्नायूपर्यंत पोहोचतो तो ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत. ते ज्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरांवर, जाऊन बसते त्यांवरच मायस्थेनियात अँटीबॉडी हल्ला करतात. त्यामुळे स्नायू सुरुवातीला नीट चालतो आणि वापरता वापरता थकतो. सकाळी बरे, संध्याकाळी वाईट, हा जो क्रम तुम्ही लिहिला आहे, तो या आजाराची फार बोलकी खूण आहे. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम या अमेरिकी संशोधकांनी विद्युत ईल माशापासून मिळवलेले रिसेप्टर सशांना टोचले, तेव्हा ते ससे मायस्थेनियाच्या रुग्णांसारखेच लुळे पडू लागले. १९७६ मध्ये लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी ७१ रुग्णांचे रक्त तपासून त्यांपैकी ८७ टक्के रुग्णांत या अँटीबॉडी असल्याचे दाखवले. हा आजार नसलेल्या १७५ जणांच्या नमुन्यांत मात्र त्या एकातही सापडल्या नाहीत. आजही चित्र साधारण तेच आहे. आजार अंगभर पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत ही तपासणी पॉझिटिव्ह येते आणि ती ठळक पॉझिटिव्ह असेल, तर आजार नसण्याची शक्यता फारच थोडी राहते.

परंतु अण्णांचा आजार सध्या डोळ्यांपुरताच आहे, आणि नेमक्या अशा रुग्णांत ही तपासणी जवळपास निम्म्यांनाच पकडते. म्हणजे डोळ्यांचा मायस्थेनिया खरोखर असलेल्या १०० जणांचे रक्त तपासले, तर पन्नासच्या आसपास लोकांच्या हाती निगेटिव्ह कागद पडणार. घरच्यांना ही एक गोष्ट नीट समजावून सांगा. या तपासणीचे पॉझिटिव्ह उत्तर भक्कम असते, पण निगेटिव्ह उत्तराने आजार नाकारता येत नाही.

निगेटिव्ह येण्याची कारणे अनेक आहेत. काही रुग्णांत हल्ला ॲसिटिलकोलिन रिसेप्टरवर नसून त्याच्या शेजारच्या मस्क नावाच्या प्रथिनावर असतो. ही अँटीबॉडी २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या अँजेला व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. मस्कच्या आजारात गिळणे, बोलणे आणि श्वास यांना अधिक त्रास होतो, आणि केवळ डोळ्यांपुरता तो क्वचितच राहतो. काहींच्या अँटीबॉडी अशा असतात की, रिसेप्टर स्नायूवर जसे दाटीवाटीने असतात तशी रचना जिवंत पेशींवर तयार करून तपासले तरच त्या दिसतात. साध्या तपासणीत त्या निसटतात. शिवाय आजार कोवळा असताना निगेटिव्ह आलेला अहवाल काही महिन्यांनी पॉझिटिव्ह झाल्याचेही दिसते, म्हणून सहा महिने ते वर्षभराने तपासणी पुन्हा करणे योग्य ठरते. तपासणी कोणत्या पद्धतीने केली, हे अहवालावर लिहिलेले असते. किरणोत्सारी पद्धत जुनी आणि विश्वासाची आहे. एलायझा स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध आहे, पण थोडी कमी अचूक आहे. किरणोत्सारी पद्धतीत रिसेप्टर ओळखण्यासाठी जे विष वापरतात, ते आपल्या मण्यारीच्याच कुळातील तैवानकडच्या एका सापाचे असते, कारण हे विष त्याच रिसेप्टरला घट्ट चिकटते.

मण्यारीचा विषय निघालाच आहे, तर खानापूरच्या रानालगतच्या गावांतील वाचकांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या पहाटे अचानक जड झाल्या, पोटात दुखू लागले, बोलणे अडखळू लागले, तर तो मायस्थेनिया समजू नका. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. अशा माणसाला त्याच क्षणी सर्पदंशावरची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला हवे. मायस्थेनिया दिवसा-आठवड्यांनी वाढतो, असा तासाभरात चढत नाही.

आता अण्णांविषयी. रक्त निगेटिव्ह असताना निदान पक्के करण्याचे इतर मार्ग आहेत. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवून पापणी वर येते का, हे डॉक्टर दवाखान्यातच पाहू शकतात. नसेला पुन्हा पुन्हा सौम्य विद्युतझटके देऊन स्नायूचा प्रतिसाद १० टक्क्यांहून अधिक घटतो का, हे पाहता येते. मात्र डोळ्यांपुरत्या आजारात हीही तपासणी पुष्कळदा सामान्य येते. सर्वांत संवेदनशील तपासणी म्हणजे एकेका स्नायुतंतूची ईएमजी, म्हणजे सुईने केलेली विद्युतचाचणी. ती करणारे हात कमी असल्याने त्यासाठी हुबळी, बंगळूर वा मुंबईपर्यंत जावे लागण्याची शक्यता आहे. गोळ्या घेतल्यावर पापणी किती वेळ वर राहते, याची घरी रोज नोंद ठेवा आणि सकाळ-संध्याकाळचे फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्यांचा मोठा उपयोग होतो. छातीचा सीटी स्कॅन झाला नसेल तर त्याविषयी विचारा, कारण मायस्थेनियाच्या सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत थायमस ग्रंथीची गाठ असते. ती गाठ बहुतेक वेळा अँटीबॉडी पॉझिटिव्ह असलेल्यांत आढळते, तरीही एकदा पाहून ठेवणे चांगले.

डोळ्यांचा आजार अंगभर पसरायचा असेल, तर तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत पसरतो. म्हणून गिळताना ठसका लागणे, आवाज नाकातून येणे, मान सावरता न येणे किंवा आडवे झाल्यावर दम लागणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. आणि गावातल्या दवाखान्यात ताप वा जुलाबासाठी गेलात, तरी आजाराचे नाव आधी सांगा: जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने, सिप्रोफ्लोक्सासिन व लिव्होफ्लोक्सासिन या गोळ्या, शिरेतून दिलेले मॅग्नेशियम यांनी मायस्थेनिया बळावतो. अँटीबॉडी निगेटिव्ह असली तरी ही काळजी तितकीच घ्यायची आहे.

प्रश्न : माझी आई ५४ वर्षांची आहे. तिने पंचवीसेक वर्षे विड्या वळल्या. वर्षभरापासून तळपायांना मुंग्या येतात, हाताची बोटे बधिर होतात. एका ठिकाणी तपासणीचे मोठे पॅकेज केले. त्यात एएनए १:८० पॉझिटिव्ह आणि नसांच्या अँटीबॉडींच्या यादीत जीएम-१ ‘बॉर्डरलाइन’ आले आहे. हा ऑटोइम्यून आजार असून आयुष्यभर स्टेरॉइड घ्यावे लागेल, असे ओळखीच्या एकाने सांगितल्यापासून आई नीट जेवत नाही. — एक शिक्षिका, निपाणी

तुमच्या आईंना आधी हे वाचून दाखवा: या दोन आकड्यांवरून त्यांना ऑटोइम्यून आजार आहे असे म्हणता येत नाही, आणि या आकड्यांसाठी स्टेरॉइड देण्याचे काहीही कारण नाही.

एएनए ही पेशीच्या केंद्रकाविरुद्धची अँटीबॉडी. ती निरोगी माणसांतही सापडते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पूर्ण निरोगी लोकांपैकी १:४० या पातळीला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले होते. आईंचा अहवाल १:८० आहे, म्हणजे निपाणीच्या बाजारात भेटणाऱ्या धडधाकट माणसांपैकी सात-आठांत एखाद्याचा तसा येऊ शकतो. डोळे व तोंड कोरडे पडणे, सांधे सुजणे, अंगावर चट्टे, लघवीतून प्रथिने जाणे यांपैकी काही असेल, तर त्याला अर्थ येतो आणि मग पुढच्या ठरावीक अँटीबॉडी पाहाव्या लागतात. तसे काही नसेल तर तो आकडा बाजूला ठेवावा.

जीएम-१ हा नसांवरील एक घटक. त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण पॅकेजमधील तपासण्यांचे हिशेब फार लोकांना कोणी समजावून सांगत नाही. समजा, एखादी तपासणी खऱ्या १०० रुग्णांपैकी ८० जणांना पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी केवळ २ जणांना चुकीने पॉझिटिव्ह दाखवते. ऐकायला ही तपासणी उत्तम आहे. आता पायांना नुसत्या मुंग्या येणाऱ्या १००० लोकांवर ती केली आणि त्यांपैकी ५ जणांनाच तो दुर्मीळ आजार असेल, तर खरे पॉझिटिव्ह निघतील ४ आणि उरलेल्या ९९५ लोकांतून खोटे पॉझिटिव्ह निघतील सुमारे २०. म्हणजे पॉझिटिव्ह कागद हाती आलेल्या सहा जणांपैकी पाचांना तो आजार नसणारच. तीच तपासणी, त्याच प्रयोगशाळेत, ज्यांची लक्षणे, अंगतपासणी आणि नसांच्या विद्युतचाचणीचा निकाल आधीच त्या आजाराकडे बोट दाखवतो अशा १००० जणांवर केली आणि त्यांतील ५०० जणांना आजार असेल, तर खरे पॉझिटिव्ह ४०० आणि खोटे केवळ १०. तपासणी बदलली नाही. ती कोणावर केली, हे बदलले. म्हणूनच आधी रुग्ण नीट तपासायचा आणि मग एखादी नेमकी अँटीबॉडी मागवायची, हा क्रम मी आग्रहाने सांगतो. उलट क्रमाने आलेला आकडा माणसाला विनाकारण रुग्ण बनवतो.

पॅकेजमध्ये हा दोष आणखी वाढतो. प्रत्येकी २ टक्के चूक असलेल्या १२ अँटीबॉडी एकदम तपासल्या आणि त्यांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसतील, तर पूर्ण निरोगी १०० लोकांपैकी २१-२२ जणांच्या अहवालात कुठेतरी एक पॉझिटिव्ह उमटेलच. पट्टीवर अनेक प्रथिनांच्या रेषा असलेल्या ज्या तपासण्या असतात, त्यांतील पुसट रेषेला तर तज्ज्ञ दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय महत्त्व देत नाहीत. जीएम-१ विरुद्धची अँटीबॉडी खरोखर उपयोगी पडते ती वेगळ्याच रुग्णांत: ज्यांच्या एका हाताची पकड हळूहळू जाते, मनगट लोंबते, पण संवेदना शाबूत राहते, अशा मल्टिफोकल मोटर न्यूरोपथीत. त्या आजारातही ती जवळपास निम्म्या रुग्णांतच सापडते. आईंचा त्रास संवेदनेचा आहे, तोही बोटांत आणि तळपायांत. हे चित्र त्या आजाराशी मुळीच जुळत नाही.

मग काय शोधायचे? आपल्या भागात तळपायांच्या मुंग्यांमागे बहुधा मधुमेह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. आई शाकाहारी असतील, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेत असतील, तर बी-१२ आधी पाहा. थायरॉइड, मूत्रपिंड आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर) याही साध्या तपासण्या आहेत. हाताच्या बोटांविषयी त्यांच्या कामाचा विचार करायला हवा, कारण वर्षानुवर्षे बोटे आणि मनगट एकाच प्रकारे वापरल्याने मनगटातील नस दबते. रात्री बधिरपणाने जाग येऊन हात झटकावा लागतो का, हे त्यांना विचारा. मांडी घालून तासन् तास बसणाऱ्यांची गुडघ्याबाहेरची नसही दबू शकते. निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या कितीतरी बायांच्या या तक्रारी कामामुळे आहेत, आणि त्यांवर इलाज आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आणखी एक आजार विसरू नका, तो म्हणजे कुष्ठरोग. देशपातळीवर २००५ मध्ये त्याचे निर्मूलन जाहीर झाले असले, तरी नवे रुग्ण दरवर्षी सापडतात. त्वचेवर बधिर, फिकट चट्टा आहे का, कोपरामागची नस जाड लागते का, हे डॉक्टरांनी हाताने चाचपून पाहायचे असते. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो. नुसत्या अँटीबॉडीच्या कागदावर विसंबून अशा रुग्णाला ऑटोइम्यून समजून केवळ स्टेरॉइड देत राहिले, तर खरा आजार आत वाढत राहतो. कागद वाचण्याआधी रुग्णाला हात लावून पाहा, असे मी म्हणतो, त्यामागे हे मोठे कारण आहे.

प्रश्न : माझा पुतण्या पुण्याला शिकायला होता. जुलाब होऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांनी त्याच्या पायातील शक्ती गेली. तेथील रुग्णालयात गँग्लिओसाइड अँटीबॉडीचा अहवाल यायच्या आधीच पाच दिवस महागडी इंजेक्शने दिली. पाठीतले पाणीही काढले होते, त्यातही दोष निघाला नव्हता. नंतर अँटीबॉडीचा अहवालही निगेटिव्ह आला. तो आता चालू लागला आहे, पण इंजेक्शने देण्याची घाई झाली का, हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. — एक वाचक, चिकोडी

घाई झाली नाही. योग्य वेळी योग्य उपचार झाला. त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी निःशंक राहावे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकाएकी वाढले आणि हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. प्रतिकारशक्ती नसांवर उलटून हातापायांतील शक्ती झपाट्याने जाते, तो हा आजार, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणे त्याचीच आहेत. त्यांतील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला होता. या जंतूच्या कवचावरील साखरेची रचना आपल्या नसांवरील गँग्लिओसाइड या साखरयुक्त स्निग्ध घटकांसारखी असते (जीएम-१ हा त्यांपैकीच एक). जंतूवर सोडलेल्या अँटीबॉडी मग नसांवरही धावून जातात. तेव्हा जीबीएसमध्ये अँटीबॉडी सापडायला हव्यात, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र सर्व रुग्णांत सापडेल अशी एकही अँटीबॉडी अद्याप हाती नाही. काही प्रकारांत जीएम-१ सापडते, बऱ्याच रुग्णांत काहीच सापडत नाही. याला ठळक अपवाद मिलर फिशर प्रकाराचा: डोळ्यांची हालचाल थांबणे, तोल जाणे आणि गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय न उडणे या त्रयीत जीक्यू-१बी ही अँटीबॉडी सुमारे ९० टक्के रुग्णांत असते. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही गँग्लिओसाइड अँटीबॉडीची तपासणी सरसकट करू नये आणि मिलर फिशरचा संशय असेल तेव्हा जीक्यू-१बी पाहावी, असेच सांगितले आहे.

पाठीतल्या पाण्याविषयीही तेच. त्यात पेशी न वाढता प्रथिने वाढतात, हे गियाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी १९१६ मध्येच नोंदवले. पण पहिल्या आठवड्यात तीस ते पन्नास टक्के रुग्णांत ही प्रथिने सामान्य असतात. निदान ठरते ते शक्ती कशी व किती वेगाने गेली यावर, हातोडीच्या तपासणीवर आणि नसांच्या विद्युतचाचणीवर. या आजारात देतात ती महागडी इंजेक्शने, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, अशक्तपणा सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत देणे हितकारक असते, आणि अँटीबॉडीचा अहवाल यायला कित्येक दिवस लागतात. अहवालाची वाट पाहिली असती, तर त्या दिवसांत मुलाचा श्वास अडकण्याचा धोका होता.

प्रश्न : माझ्या यजमानांना, वय ३६, दीड वर्षापासून सीआयडीपी आहे. हात फार थरथरतात, चालताना तोल जातो. इम्युनोग्लोब्युलिनचे तीन कोर्स झाले, शेतीचा तुकडा गहाण पडला, पण फरक नाही. आता डॉक्टर न्यूरोफॅसिन नावाची रक्ततपासणी करायला सांगतात. आणखी एका तपासणीवर खर्च करावा का? — एक भगिनी, हुक्केरी तालुका

करावा. ताई, अनावश्यक तपासण्यांविरुद्ध मी वर एवढे लिहिले आहे, तरी तुमच्या बाबतीत माझे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे.

सीआयडीपी म्हणजे नसांच्या वेष्टनावर प्रतिकारशक्तीचा दीर्घकाळ चालणारा हल्ला. सीआयडीपी समजल्या गेलेल्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत हल्ला नसेच्या वेष्टनावर सर्वत्र होत नसून, वेष्टनाच्या दोन तुकड्यांमधील सांध्यावरच्या प्रथिनांवर होतो. न्यूरोफॅसिन-१५५, कॉन्टॅक्टिन-१ आणि कॅस्पर-१ ही त्या प्रथिनांची नावे. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शनात या आजाराला सीआयडीपीपासून वेगळे काढले आहे. तुम्ही लिहिलेले वर्णन, म्हणजे तुलनेने तरुण वय, ठळक थरथर, तोल जाणे आणि इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग न होणे, हे न्यूरोफॅसिनच्या रुग्णाचेच वर्णन आहे. या अँटीबॉडी बहुधा आयजीजी-४ या उपप्रकाराच्या असतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन ज्या मार्गांनी काम करते त्यांतील काही मार्ग त्यांना लागूच पडत नाहीत. अशा रुग्णांना रिटुक्सिमॅब या औषधाने बरेचदा चांगला गुण येतो.

म्हणजे येथे एका अहवालावर पुढील उपचाराची दिशा ठरणार आहे. पॉझिटिव्ह आला तर चौथ्या कोर्सचा खर्च वाचेल आणि परिणामकारक औषध मिळेल. निगेटिव्ह आला तरी निदान पुन्हा मुळापासून तपासण्याचे कारण मिळेल. त्यात रक्तातील एम-प्रथिनाची, म्हणजे एकाच साच्याच्या असामान्य अँटीबॉडीची, तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा. तपासणी पेशींवर आधारित पद्धतीने होते ना, याची खात्री करा, आणि शक्य असल्यास सर्व प्रकारच्या सोयी असलेल्या मोठ्या सरकारी संस्थेत, उदाहरणार्थ बंगळूरच्या निम्हान्समध्ये, एकदा दाखवा. बीपीएल किंवा आयुष्मान कार्ड असेल तर ते आणि आजवरचे सर्व अहवाल सोबत न्या. एक महत्त्वाचे: नमुना देण्यापूर्वी नुकतेच इम्युनोग्लोब्युलिन दिले असेल किंवा रक्तद्रव बदलले असेल, तर ते प्रयोगशाळेच्या अर्जावर लिहायला सांगा.

प्रश्न : मोठ्या बहिणीला मायस्थेनिया आहे. तिची ॲसिटिलकोलिन रिसेप्टर अँटीबॉडीची पातळी गेल्या वर्षी ८ होती, आता दुसऱ्या लॅबमध्ये १४ आली. तब्येत मात्र पूर्वीपेक्षा चांगली आहे. आजार दुप्पट झाला का? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

नाही. वर ज्या १९७६ च्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यातच असे दिसले होते की, अँटीबॉडीची पातळी आणि आजाराची तीव्रता यांचा मेळ बसत नाही. पातळी ५० असलेला माणूस रानात कामाला जातो आणि २ असलेला अतिदक्षता विभागात असतो, असे घडते. शिवाय दोन प्रयोगशाळांच्या पद्धती आणि एकके वेगळी असली, तर ८ आणि १४ यांची तुलनाच होत नाही. मस्कच्या आजारात पातळी आणि तब्येत यांचा संबंध त्या मानाने जवळचा असतो, पण तुमच्या आक्कांची अँटीबॉडी रिसेप्टरची आहे. निदान एकदा पक्के झाल्यावर दर काही महिन्यांनी ही तपासणी करत राहण्याची गरज नाही. आक्का जिना चढताना किती वेळा थांबतात, जेवण पूर्ण चावून होते का, हे पाहून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतील. त्या पैशांत औषधांचे काही महिने निघतील.

प्रश्न : बेळगावात घेतलेले रक्त बंगळूर किंवा मुंबईला जाईपर्यंत खराब होऊन अहवाल चुकतो का? आणि रक्त उपचाराआधी द्यावे की नंतर? — दोन वाचक, संकेश्वर व बेळगाव

प्रवासाची भीती बाळगू नका. आयजीजी अँटीबॉडी टिकाऊ असतात. रक्त गोठल्यावर सिरम वेगळे करून ते थंड पेटीतून पाठवले, तर काही दिवसांनी केलेल्या तपासणीतही त्या नीट सापडतात. नमुना पुन्हा पुन्हा गोठवणे आणि वितळवणे, किंवा रक्तपेशी फुटून सिरम लाल होणे, हे मात्र टाळायला हवे.

उपचाराआधी की नंतर, हा प्रश्न याहून फार महत्त्वाचा आहे. इम्युनोग्लोब्युलिन हे हजारो रक्तदात्यांच्या अँटीबॉडींचे मिश्रण असते. ते दिल्यानंतर रुग्णाच्या रक्तात एएनए, थायरॉइडच्या अँटीबॉडी, एवढेच काय कावीळ-बी झाल्याची खूणही काही आठवडे दिसू शकते, आणि ती त्याची स्वतःची नसते. उलट रक्तद्रव बदलल्यावर रुग्णाच्या खऱ्या अँटीबॉडी निघून जातात आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. स्टेरॉइड बराच काळ चालू असले तरी पातळी उतरू शकते. म्हणून तातडीचा रुग्ण असेल, तर पहिली बाटली लावण्याआधी एक जादा नळी रक्त काढून सिरम जपून ठेवण्याची विनंती डॉक्टरांना करा. त्यामुळे उपचार एका तासानेही लांबत नाही, आणि कोणती अँटीबॉडी तपासायची हे दोन दिवसांनी ठरले तरी नमुना हाताशी असतो. केस वाढावेत म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या कोणी घेत असेल, तर तेही सांगा. काही यंत्रांवरील तपासण्यांत त्यामुळे आकडे चुकतात. नमुन्याच्या चिठ्ठीवर रक्त काढल्याची तारीख, चालू औषधे आणि डॉक्टरांना असलेला संशय हे तीन तपशील लिहिलेले आहेत ना, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी पाहून घ्या.